फ्लॉरेन्समधला एक दिवस आणि काशीनेच्या टोकाची कोल्हापूरची छत्री

कृष्णाकाठ

गेल्या ऑक्टोबरात आम्ही चौघं एका दिवसासाठी फ्लॉरेन्सला गेलो होतो. फ्लॉरेन्सवर इथे आधी धागे येऊन गेलेत. तिकिटं, हॉटेलं, कुठलं चित्र कुठल्या दालनात, सगळं त्यांत आहे. तरी हा वेगळा धागा काढतेय, कारण ज्या जागेसाठी आम्ही अर्धा दिवस राखून ठेवला होता तिचा उल्लेख मला त्यांत कुठेच सापडला नाही. मराठी माणसाने फ्लॉरेन्सला जाऊन ती जागा न बघता परत यावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आम्ही चौघं इंजिनिअरिंगच्या वेळचे. मी सांगलीची, एक मित्र कोल्हापूरचा, एक मैत्रीण सोलापूरची आणि एक नाशिकची. नाशिककर नंतर आर्किटेक्चरकडे वळली. बावीस वर्षांनी चौघं एकत्र फिरायला निघालो होतो. मिलानहून पहाटेची वेगवान गाडी धरली, दोन तासांत सांता मारिया नोवेल्ला स्टेशनात. बाहेर एका टपरीवजा बारमध्ये उभ्याउभ्या कॉफी घेतली. (टेबलावर बसून घेतलीत तर तीच कॉफी बरीच महाग पडते, सगळ्या इटलीत हाच रिवाज.) तिथून चालत दुओमो, म्हणजे इथलं मोठं कॅथेड्रल.

घुमटावर चढायची वेळ आम्ही आधी आरक्षित केली होती. ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही. हा घुमट मला नाशिककरमुळे कळला, नाहीतर 'केवढा मोठा!' एवढंच म्हणून मी खाली उतरले असते. ब्रुनेलेस्कीने १४२० मध्ये काम सुरू केलं, १४३६ मध्ये घुमट पुरा झाला. त्याआधी कित्येक वर्षं कॅथेड्रल वरून उघडंच पडलं होतं, कारण एवढ्या रुंदीवर घुमट कसा चढवायचा हे कुणालाच उमगत नव्हतं. आपल्याकडे स्लॅब टाकताना खालून सेंटरिंग लावतात ना, तसं कमानीला आणि घुमटाला लाकडी साच्याचा आधार लागतो. इथे इतक्या उंचीवर इतकं मोठं सेंटरिंग उभं करणं अशक्य होतं. ब्रुनेलेस्कीने ते लावलंच नाही. त्याने एकात एक असे दोन घुमट बांधले. विटांचे रद्दे (थर) आडवे लावत जायचं आणि ठरावीक अंतरावर एक वीट उभी ठोकायची. त्या उभ्या विटा पुढच्या रद्द्यातल्या उभ्या विटांशी जुळत तिरप्या वर चढतात, माशाच्या काट्यासारख्या. चुना ओला असताना आतल्या बाजूला झुकलेला रद्दा घसरत नाही, उभ्या विटा त्याला धरून ठेवतात. एक रद्दा पुरा झाला की तो स्वतःच्या जोरावर उभा, त्यावर पुढचा.

आपण चढतो ते त्या दोन घुमटांच्या मधल्या फटीतून. एके ठिकाणी विटा उघड्या दिसतात. नाशिककरने तिथे भिंतीवर तळहात टेकवला आणि बराच वेळ ती काही बोलली नाही. मागच्यांची रांग खोळंबली तेव्हा कुठे हलली. सोलापूरकर म्हणाली, "लहानपणी बाबा विजापूरला गोलघुमट दाखवायला न्यायचे तेव्हा आम्ही नुसते आवाज घुमवत बसायचो. तो कसा उभा राहिला हे एकदाही विचारलं नाही." परत गेल्यावर मुलांना घेऊन आधी विजापूर, असं तिने तिथेच ठरवलं.

समोरच्या बाप्तिस्तेरीचे (बाप्तिस्मा देण्याची वास्तू) गिबर्तीने घडवलेले सोनेरी दरवाजे बाहेरूनच बघितले. तिथे आता प्रतिकृती आहे, मूळ दरवाजे मागच्या संग्रहालयात. सिन्योरिया चौकातला मायकेलअँजेलोचा डेव्हिडही प्रतिकृतीच. मूळ पुतळा १८७३ मध्ये तिथून हलवून अकादेमिया संग्रहालयात नेला. त्याच चौकात फरशीत एक गोल शिळा आहे, तेवढी चुकवू नका. सावोनारोला या धर्मोपदेशकाला २३ मे १४९८ रोजी तिथे फाशी देऊन जाळलं. लोक आइस्क्रीम खात तिच्यावरून जात असतात.

मग सांता क्रोचे चर्च. मायकेलअँजेलो, गॅलिलिओ, मॅकियाव्हेली यांच्या समाध्या एका छताखाली. दांतेचंही स्मारक आहे पण ते रिकामं. फ्लॉरेन्सने त्याला हद्दपार केलं, तो रावेन्नात वारला आणि रावेन्नाने त्याच्या अस्थी कधीच परत दिल्या नाहीत. मी मात्र तिथे अडकले ती पुराच्या खुणेपाशी. ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नो नदी शहरात शिरली. पाणी कुठवर चढलं होतं ते या भागातल्या भिंतींवर कोरून ठेवलंय, आणि ती रेघ माझ्या डोक्याच्या खूप वर होती. चिमाबुएने रंगवलेला क्रूस त्या पाण्यात बुडाला आणि त्याच्यावरचा बराचसा रंग वाहून गेला. तो क्रूस तिथे आज तसाच टांगलेला आहे. गेलेल्या जागी नवा चेहरा रंगवलेला नाही. २०१९ ला आमच्या घरात पाणी आलं तेव्हा आयर्विन पुलाची पातळी दर तासाला फोनवर बघणारी मी. गाळाचा तो वास आठवला. १९६६ च्या त्या पुरानंतर देशोदेशींची मुलं येऊन चिखलातून पुस्तकं आणि चित्रं काढत होती, लोक त्यांना 'चिखलातले देवदूत' म्हणू लागले. हे वाचताना मला आमच्या गल्लीत येऊन चिखल उपसणारी अनोळखी पोरं दिसत होती.

जेवायला रिबोल्लिता. शिळा पाव, पांढरा घेवडा आणि काळपट पानांचा कोबी घालून पुन्हा पुन्हा उकळलेलं दाट सूप. इथला पाव अळणी असतो, त्यामुळे सूपसोबतच गोड लागतो. सोलापूरकर शाकाहारी, तिचं पोट भरलं.

आता मुख्य गोष्ट.

कोल्हापूरकराने मिलानलाच सांगून ठेवलं होतं, "तुम्ही काय बघायचं ते बघा, दुपारी दोन वाजता मी काशीनेला जाणार. कुणी आलं नाही तरी." काशीने हे नाव ऐकून सोलापूरकर दचकलीच, काशी कुठून आली इथे? मूळ अर्थ साधा आहे: फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याचे गाई-गुरांचे गोठे तिथे होते. आज ती आर्नोच्या काठाने साडेतीन किलोमीटर लांब पसरलेली बाग आहे. स्टेशनाजवळून टी-१ ट्रामने काशीने थांब्यावर उतरायचं आणि नदी डावीकडे ठेवून पश्चिमेला चालत सुटायचं. अडीच-तीन किलोमीटर. पर्यटक संपतात. धावणारी माणसं, सायकली, कुत्री फिरवणारे आजोबा. ऊन तिरपं झालं होतं.

बागेच्या अगदी टोकाला मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते. आणि तिथे, झाडांच्या मध्ये, छत्री आहे. आपली छत्री. खाली राजवस्त्रांतला, डोक्यावर पागोटं असलेला रंगवलेला अर्धपुतळा. छत्रपती राजाराम महाराज, करवीर.

१८७० मध्ये ते इंग्लंडला गेले होते. राणी व्हिक्टोरियाची भेट झाली, बरंच हिंडले, रोजनिशी लिहीत होते. परतीच्या वाटेवर आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये गेले. जेमतेम विशीचे होते. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती, तिथे प्रेत जाळण्याची रीत नव्हती. बरोबरच्या मंडळींना आपल्या पद्धतीने दहन करायचं होतं. त्यासाठी परवानगी मिळाली आणि जागा निवडली गेली ती ही, दोन नद्यांचा संगम. चार वर्षांनी, १८७४ मध्ये, तिथेच हे स्मारक उभं राहिलं. चौथऱ्यावर चार भाषांतले लेख आहेत.

मी संगमावर वाढले. कृष्णा-वारणेचा संगम हरिपूरला, आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्या परक्या गावात, नोव्हेंबरच्या थंडीत, बरोबर आलेल्या माणसांनी आधी संगम कुठे आहे हे विचारलं असेल, हे मला तिथे उभं राहिल्याशिवाय कळलं नसतं. कोल्हापूरकराने पायातले बूट काढले. सकाळी चौकातल्या फुलवालीकडून घेतलेली शेवंतीसारखी पिवळी फुलं त्याने दिवसभर पिशवीत जपली होती, ती खाली ठेवली. आम्ही तिघींनीही बूट काढले. जमीन गार होती. कुणी काही म्हटलं नाही.

जवळच वरून मोठा पूल जातो, १९७८ चा. त्याचं नाव 'पोन्ते आल्लिंदियानो', म्हणजे त्या भारतीयापाशी असलेला पूल. या सगळ्या परिसरालाच लोक 'इंदियानो' म्हणतात. एका आजोबांना आम्ही मोडक्या इटालियनमध्ये सांगितलं की हा आमचा राजा, हा मित्र त्याच गावचा. त्यांनी टोपी काढून मित्राशी हात मिळवला.

परतलो तेव्हा पोन्ते वेक्कियो या जुन्या पुलावर दिवे लागले होते.

कुणी गेलं असेल तर लिहा. जाणार असाल तर विचारा.

---

रानजाई

अंगावर काटा आला. दोनदा फ्लॉरेन्सला गेलेय आणि काशीनेला मंगळवारच्या बाजारात खरेदीही केलीय. त्याच बागेत! पुढे चालत गेले असते तर.

---

पंचगंगा_घाट

ताई, मी पेठेतला. धागा आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, फुलं वाहिली ना पोरानं, बास.

थोडी भर घालतो. स्मारकाचा आराखडा चार्ल्स मँट या इंग्रज अधिकाऱ्याचा आहे. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्याच्याच आराखड्यावर बांधलाय, १८७७ ते १८८४ या काळात. बडोद्याचा लक्ष्मीविलासही त्याचाच. म्हणजे आपण कसबा बावड्याच्या रस्त्याने जाता-येता बघतो तो राजवाडा आणि आर्नोकाठची ती छत्री एकाच माणसाच्या कागदावरून उतरलेली. अर्धपुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुलर या शिल्पकाराचा.

महाराजांची रोजनिशी कॅप्टन वेस्टने संपादित करून १८७२ मध्ये लंडनमधून छापली. मूळ इंग्रजीतच लिहिलेली. जुनी असल्याने नेटवर चाळायला मिळते. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा सगळं कुतूहलाने बघतोय, लिहून ठेवतोय, आणि आपल्याला पुढचं माहीत असतं. मला ती एका दमात वाचवली नाही.

त्यांच्यानंतर दत्तक आले ते चौथे शिवाजी महाराज, तेही १८८३ मध्ये तरुणपणीच गेले. त्यानंतर १८८४ चं दत्तकविधान आणि शाहू महाराज. कोल्हापूरच्या इतिहासात हा मधला काळ आपण फार पटकन उलटतो. शाळेत आम्हाला राजाराम महाराज म्हणजे शिवरायांचे धाकटे पुत्र आणि नंतर शाहू महाराजांचे चिरंजीव, एवढेच शिकवले. हे मधले राजाराम कुणी सांगितलेच नाहीत.

---

गच्चीवरचा

लेख सुंदर. पण एक मतभेद नोंदवतो. एकच दिवस हाताशी असताना उफिझीचं चित्रसंग्रहालय आणि खरा डेव्हिड दोन्ही सोडणं मला पटत नाही. तिथली बोत्तिचेल्लीची चित्रं बघायला जगभरातून लोक येतात. स्मारकासाठी भावना ठीक, पण पहिल्यांदा जाणाऱ्याला हा सल्ला द्यावा का? बहुतेकांची इटलीची फेरी आयुष्यात एकदाच होते.

---

कृष्णाकाठ

@गच्चीवरचा, तुमचं म्हणणं मी उडवून लावत नाही. आमच्यातही आदल्या रात्री हाच वाद झाला होता आणि मी तुमच्या बाजूने होते.

पण एका दिवसात दुओमो, अकादेमिया आणि उफिझी केलं की काय होतं ते मी रोमला अनुभवलंय. तिसऱ्या संग्रहालयात पाय ओढत शिरतो, चाळिसाव्या चित्राशी डोळे काम करायचे थांबतात. एक घुमट नीट समजून घेतला, एक चर्च बघितलं आणि संध्याकाळी नदीकाठाने चाललो. त्या दिवसातलं सगळं मला अजून लख्ख आठवतं. चित्रांचीच ओढ असेल तर उफिझी जरूर करा, सकाळी पहिली वेळ घ्या आणि मग घुमट सोडा. (सोमवारी उफिझी आणि अकादेमिया दोन्ही बंद.) काशीने मात्र मी सोडू देणार नाही. तिथे तिकीट नाही, रांग नाही, ट्राम धरून तीन तास पुरतात.

---

मांडवीकाठ

गोंयांतल्यान नमस्कार. फ्लॉरेन्स आणि आमचं गोवा यांचंही जुनं नातं आहे, ते इथे नोंदवून ठेवते.

जुन्या गोव्यात बॉम जेझू बासिलिकात सेंट झेवियरची समाधी बघितली असेल. वरची चांदीची पेटी गोव्याच्या कारागिरांनी घडवलेली. तिच्या खालचा रंगीत संगमरवराचा चौथरा, ज्यावर ब्राँझची उठावचित्रं बसवलीत, तो मात्र फ्लॉरेन्सचा. तिसरा कोसिमो दे मेदिची याने तो भेट दिला, जोव्हान्नी बात्तिस्ता फोजीनी याने घडवला आणि तुकडे जहाजाने आणून १६९८ मध्ये गोव्यात जोडले. मी लहानपणापासून बघत आले, पण फ्लॉरेन्सला मेदिचींच्या समाधी-मंदिरात तसंच रंगीत दगडांचं जडावकाम दिसलं तेव्हा पाय थबकले.

आणि फिलिप्पो सास्सेत्ती. फ्लॉरेन्सचा व्यापारी, १५८३ मध्ये भारतात आला, कोचीन आणि गोव्यात राहिला, १५८८ मध्ये गोव्यातच वारला. त्याने घरी पाठवलेल्या पत्रांत लिहून ठेवलंय की इथल्या पंडितांच्या संस्कृत भाषेतले कितीतरी शब्द आपल्यासारखे आहेत: देव–दिओ, सर्प–सेर्पे, सप्त–सेत्ते, अष्ट–ओत्तो, नव–नोवे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात असं सांगणाऱ्या विल्यम जोन्सच्या १७८६ च्या गाजलेल्या भाषणाच्या दोनशे वर्षं आधी! त्याची माती आमच्याकडे, तुमच्या महाराजांची राख त्यांच्याकडे.

---

पंचगंगा_घाट

@मांडवीकाठ, शेवटची ओळ आईला वाचून दाखवताना मला थांबावं लागलं.

---

निवृत्त_फौजी

इटलीत आणखीही आपली माणसं आहेत. दुसऱ्या महायुद्धात ४, ८ आणि १० या तीन भारतीय डिव्हिजन इथे लढल्या. ऑगस्ट १९४४ मध्ये फ्लॉरेन्सच्या लढाईत ८ वी डिव्हिजन होती. उफिझीतली बरीच चित्रं तेव्हा शहराबाहेर मोंतेगुफोनीच्या गढीत हलवलेली होती, बोत्तिचेल्लीचं 'वसंत'सुद्धा. आघाडी तिथे पोचली तेव्हा त्या गढीत भारतीय सैनिकांचा मुक्काम पडला होता. म्हणून @गच्चीवरचा, उफिझीत त्या चित्रापुढे उभे राहाल तेव्हा त्यांचीही आठवण ठेवा.

मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला टायबरच्या वरच्या खोऱ्यात पडले. सगळे साथी पडल्यावर एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली. बावीस वर्षांचे होते. व्हिक्टोरिया क्रॉस. माणगावला त्यांचा पुतळा आहे. उंब्रिया प्रांतातल्या मोंतोने गावाने २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. दुसरे नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले, सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५. जखमी साथीदारांना पाण्यातून पाठीवर वाहून आणलं, मग परत फिरून शत्रूची ठाणी घेतली. तेही व्हिक्टोरिया क्रॉस, आणि ते जिवंत परतले.

फ्लॉरेन्सला गाडीने जाणार असाल तर मोंतोने वाकडी वाट करून होतं. मी गेलोय. गाव लहान, डोंगरावर.

---

गच्चीवरचा

@निवृत्त_फौजी, हे माहीत नव्हतं. आभारी आहे. @कृष्णाकाठ, बेत बदलतोय. सकाळी उफिझी, दुपारी काशीने. वडील ७४ वर्षांचे आहेत, सोबत येतील. झेपेल का त्यांना? आणि भाड्याची गाडी घेतली तर स्मारकाजवळ नेता येईल का?

---

कृष्णाकाठ

वडिलांना घुमटावर नेऊ नका, पायऱ्या अरुंद आहेत आणि अर्ध्यातून मागे फिरता येत नाही. काशीनेची वाट सपाट आहे, बाकं आहेत, सावली आहे. त्यांच्या चालीने दीड तास धरा, किंवा टॅक्सीवाल्याला 'इंदियानो' एवढंच सांगा.

गाडी शहराच्या मध्यात अजिबात घालू नका. जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी आहे, कॅमेरे नंबर टिपतात आणि दंडाची पावती काही महिन्यांनी घरच्या पत्त्यावर येते. आमच्या ओळखीच्यांना एकाच दिवसाच्या तीन आल्या. गाडी बाहेरच्या ट्राम थांब्यावर लावून ट्रामने या.

---

गच्चीवरचा

काल जाऊन आलो. ट्रामने गेलो, पुढे अर्धी वाट चाललो, बाबा चार वेळा बसले.

कोपऱ्यावरच्या दुकानातून पांढरी फुलं घेतली होती. तिथे पोचलो तर आधीच कुणीतरी वाहिलेली झेंडूसारखी केशरी फुलं होती, वाळलेली, दोऱ्यात ओवलेली. बाबांनी ती हलवली नाहीत, आमची शेजारी ठेवली. मग संगमाच्या कडेला गेले, वाकून आर्नोचं पाणी हातात घेतलं आणि डोळ्यांना लावलं.

ती केशरी माळ इथल्याच कुणाची असेल तर सांगा. बाबा विचारतायत.

---

रानजाई

माझी. तीन आठवड्यांपूर्वी बोलोन्याहून गेले होते. बाबांना माझा नमस्कार सांगा.